गाण्याखाली अरेंजरचं नाव लिहा, आणि ज्याच्याकडून गाणं आलं त्याचंही

१९७३ साली प्लँक्स्टी नावाच्या आयरिश बँडचा पहिला अल्बम आला, काळ्या कव्हरचा, तिकडे त्याला लोक नुसतं ब्लॅक अल्बम म्हणतात. त्यातलं पहिलंच गाणं, रॅगल टॅगल जिप्सी. ख्रिस्टी मूर गातोय, गोष्ट अशी की मोठ्या घरची एक बाई नवरा, मऊ गादी, सगळं टाकून जिप्सींच्या मागे निघून जाते. गाणं संपत येतं आणि आता थांबेल असं वाटतं तेवढ्यात मँडोलिन आणि बुझुकी (लांब मानेचं तारांचं वाद्य) एकमेकांत गुंतत पुढे सरकतात आणि त्यातून एक दुसरीच धून उगवते, शांत, भारदस्त, आणि मग इलिन पाइप्स ती धून उचलतात (हे आयर्लंडचे काखेतल्या भात्याने वाजवायचे पाइप्स, तोंडाने फुंकायचे नाहीत). ही दुसरी धून साधारण चारशे वर्षं जुनी, रोरी डाल ओ काहान नावाच्या आंधळ्या हार्पवादकाची, तिच्या नावाचा अर्थ 'तुझा हात दे'. मी हा जोड पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, हेडफोन काढून ठेवला, पाणी प्यायलो, आणि परत लावला. त्या रात्री तेवढाच तुकडा किती वेळा ऐकला असेन मोजलं नाही.

आता प्रश्न असा की हे गाणं कुणाचं? शब्द कुणी लिहिले कुणालाच माहीत नाही, शतकानुशतकं तोंडातोंडी आलेलं आहे. ख्रिस्टी मूरला ते मिळालं जॉन रायलीकडून. रायली हा ट्रॅव्हलर समाजाचा माणूस, आयर्लंडमधला हा भटका समाज, रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइल गावात राहायचा, लिहिता वाचता येवो न येवो पण डोक्यात इतकी जुनी गाणी की टॉम मनेली सारख्या संग्राहकाने मुद्दाम शोधून त्याचा आवाज टेपवर घेतला. १९६९ मध्ये रायली गरिबीतच गेला, प्लँक्स्टीचा जन्मसुद्धा त्याने पाहिला नाही. दुसरी धून हार्पवादकाची. आणि या दोघांना एकत्र आणणारा तो जोड, ती मांडणी, ती कुणाचीच वडिलोपार्जित नव्हती, ती चार माणसांनी बसून बनवली, त्यातला एक डोनल लनी. आज एखाद्या ॲपवर हे गाणं लावलं की स्क्रीनवर ठळक दिसतं ते फक्त बँडचं नाव. बाकीची नावं तीन ठिकाणी बोट दाबून शोधावी लागतात, आणि तिथेही असतीलच अशी खात्री नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकसंगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये अरेंजर (कुठलं वाद्य कुठे, काय वाजेल ही मांडणी ठरवणारा) आणि प्रोड्युसर (स्टुडिओत बसून रेकॉर्डिंग घडवणारा) हा गाण्याचा अर्धा जन्मदाता असतो, त्याचं नाव गाण्याच्या नावाखालीच दिसलं पाहिजे आणि कमाईत त्याचा ठरलेला वाटा असला पाहिजे, आणि हे करताना ज्याच्या तोंडून गाणं आलं त्याचं नाव वगळून चालणार नाही. दोन्ही एकत्र. एकाला न्याय देताना दुसऱ्याला विसरलो तर आपण फक्त अन्यायाची जागा बदलली. हे मला सगळ्यात नीट समजलं ते लनीच्या कामाकडे बघून, म्हणून त्याच्याविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्याचं नाव फार थोड्या लोकांना माहीत आहे.

लनीचा जन्म १९४७ चा, ऑफली काउंटीतल्या टुलामोरचा, पण वाढला किल्डेअरमधल्या न्यूब्रिजला. ख्रिस्टी मूर तिथलाच, शाळेपासूनची ओळख. डब्लिनला आर्ट कॉलेजात शिकायला गेला आणि तिथे धातुकामाची गोडी लागली, सोन्याचांदीचं काम उत्तम करायचा म्हणतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण त्याचं संगीत ऐकताना सोनारकामच आठवतं, जोड कुठे आहे ते दिसत नाही पण जोड असतोच. १९६८ मध्ये एमेट स्पाइसलंड या त्याच्या बँडचं गाणं आयर्लंडमध्ये एक नंबरवर गेलं होतं. पण खरी सुरुवात १९७१ ची, प्रॉस्परस नावाच्या किल्डेअरमधल्या खेड्याजवळ एका जुन्या घराच्या तळघरात. ख्रिस्टीच्या बहिणीचं घर. बिल लीडर हा इंग्लंडमधला रेकॉर्डिंग करणारा माणूस आपलं टेप मशीन घेऊन तिथे आला आणि तिथेच अल्बम झाला, नावही गावाचंच, प्रॉस्परस, १९७२ ला बाहेर आला. त्या तळघरातून ख्रिस्टी, अँडी अर्व्हाइन, लिअम ओफ्लिन आणि लनी असे चौघे उठले आणि प्लँक्स्टी झाली.

आता बुझुकीबद्दल बोललंच पाहिजे, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. बुझुकी हे वाद्य ग्रीसचं. आयरिश संगीतात ते साठच्या दशकात जॉनी मॉयनिहानने आणलं, तारा त्याने आपल्या पद्धतीने लावल्या. लनीच्या हातात आली तेव्हा तो डावखुरा, त्याने तारा उलट्या चढवल्या. पुढे पीटर अ‍ॅबनेट या इंग्लिश कारागिराकडून वेगळी बुझुकी बनवून घेतली, ग्रीक बुझुकीची पाठ भोपळ्यासारखी गोल असते ती जवळजवळ सपाट करवली, आणि जाड तारांच्या जोड्या ग्रीक वाद्यात एक खालची एक वरच्या सप्तकातली अशा असतात त्या दोन्ही एकाच स्वरात लावल्या. आज जगभर दुकानात जी आयरिश बुझुकी मिळते तिचं मूळ हे.

तारा कशा लावतात बघा, जी डी ए डी. डी ला सा धरा. मग होतं म, सा, प, सा. गंधार नाही. निषाद नाही. हे वाचताना ज्यांनी तंबोऱ्याजवळ बसून काही वर्षं काढलीत त्यांच्या लक्षात आलं असेल काय गंमत आहे ती. तंबोरा सुद्धा कुठल्या रागाचा गंधार आधीच ठरवून टाकत नाही, गाणाऱ्याला मोकळं ठेवतो. जुन्या आयरिश धूनांमध्ये पण असंच, कोमल स्वर की शुद्ध हे बऱ्याचदा मधल्या मधे राहतं, एकाच धूनीत दोन्ही येतात, गाणारा त्या दिवशी कसा गातोय त्यावर. गिटारवर मेजर कॉर्ड (एकदम वाजणारे तीन स्वर, त्यात शुद्ध गंधार आलाच) वाजवला की गंधार शुद्ध असं जाहीर झालं, धून त्या चौकटीत अडकली. म्हणून तिथले जुने जाणकार साथीच्या विरुद्ध होते, म्हणायचे आमचं संगीत एकेरी आहे, शॉन नोस म्हणजे जुन्या ढंगाचं गाणं तर साथीशिवायच गातात, हे कॉर्ड बिर्ड घालून तुम्ही त्याचा जीव घेताय. आणि खरं सांगायचं तर त्यांची भीती खोटी नव्हती, साठच्या दशकातली कितीतरी बॅलड ग्रुपची रेकॉर्ड्स आज ऐका, तीन कॉर्डमध्ये सगळं एकसारखं झालंय.

लनीने काय केलं, त्याने साथ केली पण गंधार मोकळा ठेवला. मधे मधे बुझुकीवर उलटी धून वाजवायची, मँडोलिन वर जातंय तर आपण खाली यायचं, आणि तालासाठी नुसतं खणखणीत स्ट्रमिंग. हे फक्त 'साथ' म्हणून सोडून देता येत नाही हो, हा विचार आहे. आपली धून काय आहे, तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे ओळखून घेतलेला निर्णय आहे. अशा निर्णयाला रचना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पुढे १९७५ मध्ये बॉथी बँड. तिथे मिहॉल ओ डोनलची गिटार, त्याची बहीण ट्रीनाचं क्लॅव्हिनेट (विजेवरचं पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य) आणि लनीची बुझुकी अशी तिघांची मिळून जी लय तयार झाली तिच्यावर फ्लूट, फिडल आणि पाइप्स अक्षरशः धावतात. त्याच सुमाराला त्याने मित्रांबरोबर मलिगन नावाचं रेकॉर्ड लेबल काढलं, म्हणजे वाजवणाऱ्यांच्याच हातातलं लेबल. मग १९८१ ला मूव्हिंग हार्ट्स, पाइप्स आणि सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र, आणि विषय अणुबॉम्बपासून तुरुंगापर्यंतचे. मी सगळ्या बँडची जंत्री देत बसत नाही.

मला प्रोड्युसर लनीविषयी बोलायचंय. १९७६ चा अँडी अर्व्हाइन आणि पॉल ब्रेडी यांचा अल्बम घ्या, प्रोड्युसर लनी. त्यात आर्थर मॅकब्राइड नावाचं गाणं आहे, सैन्यभरती करायला आलेल्या सार्जंटला दोन साधी माणसं नकार देतात आणि बडवतात. ब्रेडीला हे गाणं कुठे मिळालं तर अमेरिकेत मेन राज्यात राहणाऱ्या कॅरी ग्रोव्हर या बाईने आपल्या घरातली गाणी लिहून ठेवली होती त्या संग्रहात. म्हणजे गाणं समुद्र ओलांडून गेलं आणि परत आलं. त्या ट्रॅकवर काय आहे, ब्रेडीचा आवाज आणि त्याचीच गिटार. बस. बुझुकी नाही, बॉरान (आयरिश डफ) नाही, काही नाही. समोर बसलेला प्रोड्युसर स्वतः आयर्लंडचा सगळ्यात भारी साथीदार, हात शिवशिवत असतील, पण त्याने हात लावला नाही. प्रोड्युसरचं काम काय असतं असं मला कुणी विचारलं तर मी हा ट्रॅक ऐकवतो. जिथे काही घालायचं नाही ते ओळखणं हे पण कामच आहे, आणि हे काम कुठल्याही रॉयल्टीच्या फॉर्मवर दिसत नाही.

नंतर ख्रिस्टी मूरचे ऐंशीच्या दशकातले अल्बम, राइड ऑन १९८४ चा, ऑर्डिनरी मॅन १९८५ चा, ते घराघरात गेले, प्रोड्युसर लनीच. ऑर्डिनरी मॅनमध्ये एक गाणं होतं, १९८१ च्या व्हॅलेंटाइन डेच्या रात्री डब्लिनच्या स्टारडस्ट नाइटक्लबला आग लागून ४८ तरुण मुलंमुली गेली त्याविषयी, ते न्यायालयाचा अवमान ठरलं, अल्बममधून काढावं लागलं, त्या जागी दुसरं गाणं घालावं लागलं. त्या मुलांच्या घरच्यांना बेकायदा मृत्यू असा निकाल मिळायला २०२४ उजाडलं. मुद्दा एवढाच की या गाण्यांचं देशात काय वजन होतं ते कळावं. त्यापुढे १९९७ चा शॅरन शॅननचा अल्बम, त्याआधी केट बुशच्या १९८२ च्या अल्बममधली बुझुकी, १९९१ ची ती मोठी टीव्ही मालिका जी आयरिश संगीत अमेरिकेत कसं गेलं आणि कसं परत आलं ते दाखवते, तिच्या संगीताची बाजू लनीकडे. पन्नास वर्षांत आयर्लंडमध्ये जे वाजलं त्यातल्या केवढ्या तरी भागाला या एका माणसाचा हात लागलाय.

आणि तरी बघा. ४ एप्रिल १९८१ ला युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा, डब्लिनमध्ये होती, मधल्या वेळात प्लँक्स्टीने टाइमडान्स नावाची रचना वाजवली, सोबत बॅले नर्तक. रचना बिल व्हेलन आणि लनी दोघांची. १३ वर्षांनी, ३० एप्रिल १९९४ ला, परत डब्लिन, परत युरोव्हिजनचा मधला वेळ, आणि रिव्हरडान्स, आयरिश नाचाचा तो प्रसिद्ध कार्यक्रम. ते व्हेलनचं, त्याबद्दल काही वाद नाही, त्याचं श्रेय त्याचंच, आणि त्याने केवढं जग जिंकलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण रिव्हरडान्स माहीत असलेल्या शंभर माणसांना विचारा, टाइमडान्स किती जणांना माहीत असेल? कल्पना कुठून कुठे चालत आली हे लोकांना कळायला हवं एवढंच माझं मागणं, त्याने कुणाचंही श्रेय कमी होत नाही.

आता कायद्याकडे येऊ, थोडं रुक्ष आहे पण घर इथेच बुडतंय. १९६१ च्या रोम करारात प्रोड्युसर कुणाला म्हटलंय तर जो माणूस किंवा जी कंपनी आवाज पहिल्यांदा टेपवर घेते तो. म्हणजे लेबल. स्टुडिओत बसून 'पाइप्स दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबवा' म्हणणारा माणूस त्या व्याख्येत कुठेच नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही प्रोड्युसर म्हणजे रेकॉर्डिंगसाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि मराठीत तर आपण सरळ 'निर्माता' म्हणतो, निर्माता म्हणजे पैसे घालणारा हे शेंबड्या पोरालाही माहीत. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्याकडे गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क काढून घेता येणार नाही असं झालं, फार मोठी गोष्ट झाली, वाजवणाऱ्यांच्या हक्कालाही बळ आलं, पण संयोजक, म्हणजे अरेंजर? अरेंजमेंट हा शब्द कायद्यात येतो तो मूळ कृतीचं रूपांतर म्हणून, म्हणजे ते करायची परवानगी मूळ मालकाने द्यायची असं. अरेंजर नावाचा माणूस त्यात नाही.

आयर्लंडचं नवल असं की तो देश कलावंतांसाठी बऱ्याच गोष्टी करतो. १९६९ पासून तिथे कलावंताला आयकरात सूट आहे, पण ती पुस्तक, नाटक, संगीतरचना, चित्र आणि शिल्प या पाच गोष्टींच्या कमाईवर. दुसऱ्याचा अल्बम प्रोड्युस करणं त्यात नाही. २०२२ मध्ये त्यांनी २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो असं मूळ उत्पन्न सुरू केलं, चिठ्ठ्या टाकून निवड केली, ते मला मनापासून आवडलं, कारण त्यात असं गृहीत आहे की कलावंत रोज काम करतो, फक्त हिट झालं तेव्हा नाही. असा विचार करणाऱ्या देशातही जुन्या यादीत ही फट राहिलीच आहे. मग आपल्याकडे काय बोलायचं.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, तोंडावर ऐकलंय. पहिलं, 'अरेंजरला फी मिळते की.' मिळते. गवंड्यालाही मिळते, आणि इमारतीच्या भाड्यात त्याचा वाटा नसतो हे खरं. पण गायकालाही फी मिळते आणि वर वाटा मिळतो, मग हिशोब एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा का? ज्या कामाशिवाय ते रेकॉर्डिंग ते रेकॉर्डिंग राहत नाही, त्या कामाला त्या रेकॉर्डिंगच्या कमाईत टक्का असावा. रॉक आणि पॉपच्या जगात नावाजलेले प्रोड्युसर पॉइंट्स, म्हणजे कमाईत टक्के, मागून घेतात, कारण त्यांच्यामागे वकील असतो. लोकसंगीतात मागत नाहीत कारण मैत्रीत काम चालतं, तळघरात चालतं, बहिणीच्या घरी चालतं. मैत्रीत काम करणाऱ्याचं कायद्याने जास्त रक्षण करायला पाहिजे, कमी नाही.

दुसरं, 'बँडमध्ये कुणी काय सुचवलं कसं ठरवणार?' बरोबर आहे, नाही ठरवता येत. प्लँक्स्टीसारख्या बँडने मांडणी सगळ्यांची म्हणूनच चालवली, चौघांची. तसं करा, सगळ्यांची नावं लिहा, समान वाटा करा. अडचण आहे म्हणून कुणाचंच लिहायचं नाही हा काय न्याय.

तिसरा आक्षेप खरा जड आहे आणि मी त्यावर फार विचार केलाय. लोकगीत सगळ्यांचं, मग अरेंजरने त्यावर हक्क सांगितला तर तो गावच्या विहिरीला कुंपण घातल्यासारखं नाही का? आणि जॉन रायली गरिबीत मेला, त्याच्याकडून आलेल्या गाण्यावर दुसऱ्यांनी रॉयल्टी खायची? आयर्लंडमध्ये सहाव्या शतकातली एक आख्यायिका सांगतात, कोल्मकिल या संताने दुसऱ्याच्या पोथीची गुपचूप नक्कल केली, भांडण राजाकडे गेलं, राजाने निवाडा दिला, प्रत्येक गाईला तिचं वासरू आणि प्रत्येक पुस्तकाला त्याची प्रत. कॉपीराइटवर बोलताना तिकडे ही गोष्ट हटकून येते. पण लोकगीताच्या बाबतीत गाय कुठली हेच माहीत नसतं, आणि वासरू तीन गोठ्यांत वाढलेलं असतं. म्हणून मी म्हणतो अरेंजरचा हक्क त्या गाण्यावर नसावाच. उद्या पुण्यातल्या कुणी रॅगल टॅगल जिप्सी आपल्या पद्धतीने गायलं तर लनीला किंवा कुणालाच एक पैसा द्यायला नको. पण तीच मांडणी, तोच जोड, तीच उलटी धून घेतली तर द्यावा. एवढी रेष आखता येते, अवघड नाही. आणि ज्याच्याकडून गाणं घेतलं त्याचं नाव आणि त्याच्या वारसांचा किंवा त्याच्या समाजाच्या एखाद्या निधीचा छोटा वाटा हे त्याच कागदावर लिहिता येतं. ख्रिस्टी मूर इतकी वर्षं रायलीचं नाव घेत आला, कुणी सक्ती केली नव्हती. पण एकाच्या मोठ्या मनावर सगळी व्यवस्था उभी करता येत नाही.

मी हे इतकं पोटतिडकीने का लिहितोय तर मी स्वतः अरेंजर आहे, पुण्यात, पंधरा वर्षं झाली. आपल्याकडची या कामाची परंपरा मोठी आहे, अनिल मोहिले, श्यामराव कांबळे, ही नावं स्टुडिओत अजून आदराने घेतात, १९५५ च्या गीतरामायणात वाजवणारे प्रभाकर जोग यांचं व्हायोलिन लोकांना गायकासारखं ओळखू यायचं. पण रेडिओवर गाणं लागलं की सवय काय होती, गीतकार अमुक, संगीतकार तमुक, गायक फलाणे, आणि गाणं सुरू. ज्याने सुरुवातीचं ते म्युझिक रचलं, जे ऐकून आपण गाणं ओळखतो, त्याचं नाव त्या वाक्यात नव्हतंच.

मागे एका कंपनीसाठी मी आठ लोकगीतांचा अल्बम केला, तीन महिने लागले, त्यातल्या एका गोंधळाला संबळ आणि तुणतुण्याखाली नुसता चेलोचा एक लांब सूर ठेवायचा की नाही यावर मी आठ दिवस घालवलेत, ठेवला, काढला, परत अर्ध्या आवाजात ठेवला, शेवटी फक्त शेवटच्या कडव्यात ठेवला. अल्बम आला तेव्हा माझं नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर उत्तर, जागा नव्हती. ॲपवर जागा नसते? पण मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. ज्या गोंधळी काकांनी तो गोंधळ आम्हाला त्यांच्या ओसरीवर बसून दोन तास गाऊन दाखवला, चहा पाजला, चुकलं तिथे थांबवून 'असं नाही पोरा, इथं दम घ्यायचा' म्हणून शिकवलं, त्यांचंही नाव नव्हतं. लिहिलं होतं पारंपरिक. त्यांना फोन करून काय सांगायचं मला कळेना. मी केला नाही फोन, आणि ते चुकलंच माझं.

तेव्हापासून मी कामाआधी कागदावर लिहून घेतो. अरेंजर कोण, प्रोड्युसर कोण, गाणं कुणाकडून ऐकलं, कुठल्या गावात, कुठल्या साली, हे सगळं, आणि टक्के. सुरुवातीला दोन कामं गेली हातातून. नंतर लोक सही करायला लागले, काही तर म्हणाले बरं झालं, आमच्याही डोक्यात होतंच.

गेल्या महिन्यात जात्यावरच्या ओव्यांचं एक छोटं रेकॉर्डिंग स्वतःच अपलोड करत होतो. साताऱ्याकडच्या एका आजींनी गायलेल्या ओव्या, त्यांच्या आईकडून आलेल्या. मी केलेलं एवढंच की जात्याची घरघर तशीच ठेवली आणि खाली एक तंबोरा. फॉर्ममध्ये कलाकार हा रकाना सक्तीचा, संगीतकार सक्तीचा, तिथे पारंपरिक लिहिलं की पुढे जातं. अरेंजर ऐच्छिक, तो खाली एक यादी उघडली की सापडतो. कुणाकडून आलं याला रकानाच नाही. मी आजींच्या आईचं नाव संगीतकाराच्या रकान्यात लिहिलं. त्यांना विचारून लिहिलं, फोनवर, आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या आडनाव माहेरचं लिही, ओव्या तिने माहेरी शिकल्या होत्या.